तक्रारीला वाली हवा

बँकांच्या शाखांमधून महात्मा गांधींच्या नावाने लावलेला एक फलक बहुतेकांच्या परिचयाचा आहे. ग्राहक हा आपल्या आवारात येणारा सर्वांत महत्त्वाचा अभ्यागत असून तो आपल्यावर अवलंबून नाही, आपणच त्याच्यावर अवलंबून आहोत, असा त्या फलकाचा आशय. या वचनातील ‘आवार’ हा शब्द आज विशेष विचार करायला लावतो. कारण ऑनलाइन खरेदीत दुकानाला आवार उरलेले नाही आणि ग्राहकही कोणाचा अभ्यागत राहिलेला नाही.

पेठेतील दुकानातून आणलेला मिक्सर बिघडला, तर तो पिशवीत घालून दुकानदाराच्या पुढ्यात नेऊन ठेवता येत असे. दुकानदार कुरकुर करी, चार दिवसांनी या म्हणे, प्रसंगी हुज्जतही घाली; परंतु ‘तो मी नव्हेच’ असे म्हणण्याची सोय त्याला नव्हती. ऑनलाइन बाजाराने ग्राहकाला निवडीचे मोठे स्वातंत्र्य दिले, हे मान्य करायलाच हवे. तालुक्याच्या गावी न मिळणारे पुस्तक, वृद्धांसाठी लागणारी उपकरणे, एखादा दुर्मीळ सुटा भाग घरबसल्या मिळू लागला. खरेदी सुरळीत पार पडली तर या सोयीला तोड नाही. खरी कसोटी लागते ती खरेदी फसल्यावर.

उदाहरणादाखल असे समजावे, की इंदूरच्या एखाद्या निवृत्त गृहस्थाने साडेतीन हजार रुपयांचा मिक्सर ऑनलाइन मागवला आणि खोके उघडताच त्याचे भांडे तडकलेले निघाले. दूरध्वनी केल्यावर आधी ध्वनिमुद्रित आवाज, मग संगीत, मग एक विनम्र तरुण स्वर. छायाचित्रे पाठवा, असे सांगण्यात येते. ती पाठवली जातात. दुसऱ्या दिवशी दुसरा विनम्र स्वर पुन्हा पहिल्यापासून सारी हकिगत विचारतो. वस्तू परत नेली जाते आणि ‘परतावा सुरू करण्यात आला आहे’ असा संदेश येतो. दहा दिवस लोटतात, खात्यात रक्कम दिसत नाही. कंपनी म्हणते, आम्ही पैसे बँकेकडे पाठवले. बँक म्हणते, आमच्याकडे काही आलेले नाही. विक्रेता म्हणतो, वस्तू अजून माझ्यापर्यंत पोहोचलेली नाही. दरम्यान, तक्रारीपुढे ‘निराकरण झाले’ अशी नोंदही होऊन जाते.

या प्रसंगात कोणी उद्धट बोललेले नाही आणि कदाचित कोणी खोटेही बोललेले नाही. प्रत्येकाने आपल्यापुरते खरे उत्तर दिले आहे. तरीही ग्राहकाच्या पदरी काही पडलेले नाही, कारण त्या तक्रारीला आरंभापासून शेवटपर्यंत कोणी वाली नाही. आजच्या ग्राहकसेवेतील मूळ दुखणे हेच आहे. तिथे सौजन्याची वाण नाही. उणीव आहे ती उत्तरदायित्वाची. ‘आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’ हे वाक्य दहा वेळा ऐकण्यापेक्षा ‘हे काम माझे आहे’ हे वाक्य एकदा ऐकणे ग्राहकाला अधिक मोलाचे वाटते.

विक्रेत्यांची बाजूही ध्यानात घ्यायला हवी. समारंभात मिरवलेली साडी दुसऱ्या दिवशी परत पाठवणारे ग्राहक आहेत. नवी वस्तू ठेवून खोक्यात जुनी भरणारेही आहेत. ग्राहकाला किंमत सर्वांत कमी हवी असते आणि सेवा मात्र पेठेतल्या ओळखीच्या दुकानदाराची हवी असते. हे सारे खरे असले, तरी लबाड ग्राहकाला अडवण्यासाठी उभारलेल्या भिंतीवर प्रामाणिक ग्राहकाचेच डोके आपटत असेल, तर ती रचना सदोष म्हणावी लागेल. शिवाय तक्रार लांबली की तिचा खर्च ग्राहकाच्या वेळेतून आणि मनःस्वास्थ्यातून वसूल होतो. रक्कम सातशे रुपयांची असेल, तर तिसऱ्या दूरध्वनीनंतर माणूस ‘जाऊ दे’ म्हणतो. हा ‘जाऊ दे’ कोणाच्या तरी जमाखर्चात जमेच्या बाजूला पडतो, हे विसरून चालणार नाही.

कायद्याने दिलेला आधार

महाराष्ट्राला ग्राहक चळवळीची परंपरा आहे. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ मध्ये स्थापन झाली. देशाचा पहिला ग्राहक संरक्षण कायदा त्यानंतर अकरा वर्षांनी, १९८६ मध्ये आला. त्याची जागा घेणारा २०१९ चा कायदा जुलै २०२० पासून अमलात आला आणि त्याच महिन्यात ई-वाणिज्याविषयीचे स्वतंत्र नियमही लागू झाले. वर वर्णिलेल्या दुखण्यावरचा उपाय या नियमांत सापडतो. प्रत्येक ऑनलाइन व्यापारी संस्थेने तक्रार निवारण अधिकारी नेमावा, त्याचे नाव, हुद्दा व संपर्क आपल्या संकेतस्थळावर ठळकपणे द्यावा, त्याने तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावी आणि तक्रार मिळाल्यापासून एक महिन्याच्या आत तिचे निवारण करावे, असे हे नियम सांगतात. अनेक विक्रेत्यांना एकत्र आणणाऱ्या बाजारपेठेने विक्रेत्याचे नाव, पत्ता आणि संपर्क क्रमांकही दाखवायचा असतो. थोडक्यात, कायद्याने तक्रारीला एक वाली आणि एक मुदत दिलेली आहे. मात्र बहुसंख्य ग्राहक या अधिकाऱ्यापर्यंत पोहोचतच नाहीत. ते दूरध्वनीवरच थकून जातात.

म्हणून पहिला आग्रह लेखी तक्रारीचा असावा. दूरध्वनीला स्मरण नसते, पत्राला असते. खरेदीचा क्रमांक, तारीख, रक्कम, दोषाची छायाचित्रे आणि नेमकी मागणी, म्हणजे वस्तू बदलून हवी की पैसे परत, एवढे पाच-सहा ओळींत लिहून त्या अधिकाऱ्याच्या ई-मेलवर पाठवावे. संतापाच्या चार पानांपेक्षा या पाच-सहा ओळी अधिक परिणामकारक ठरतात.

तेवढ्याने काम झाले नाही, तर केंद्र शासनाच्या ग्राहक व्यवहार विभागाची राष्ट्रीय ग्राहक साहाय्यवाणी १९१५ या क्रमांकावर उपलब्ध आहे. ती मराठीसह १७ भाषांत सेवा देते. महाराष्ट्राबाहेर, बडोद्यात किंवा हैदराबादेत राहणाऱ्या मराठी ज्येष्ठ नागरिकांना या सोयीचे मोल निश्चितच वाटेल. त्यापुढचा मार्ग ग्राहक आयोगाचा. ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो, तिथल्या जिल्हा आयोगाकडे तक्रार करण्याची मुभा २०१९ च्या कायद्याने दिली. त्यामुळे कंपनीचे मुख्यालय बंगळूरुला असले, तरी इंदूरच्या ग्राहकाला तिकडे हेलपाटे घालावे लागत नाहीत. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी आयोगाचे शुल्क नाही, तक्रार करण्याची मुदत दोन वर्षांची आहे आणि जानेवारी २०२५ पासून ‘ई-जागृती’ या संकेतस्थळावरून ती घरबसल्या दाखल करता येते.

पैसा नेमका कोठे अडकला?

पैशाच्या तक्रारीत आधी हे ओळखावे लागते, की तक्रार कोणत्या प्रकारची आहे. पैसे खात्यातून गेले, पण व्यवहारच पूर्ण झाला नाही, हा पहिला प्रकार. अशा वेळी जबाबदारी बँकिंग यंत्रणेची असते. भारतीय रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१९ मध्ये काढलेल्या परिपत्रकाने अशा फसलेल्या व्यवहारांच्या मुदती ठरवून दिल्या. कार्डाने किंवा यूपीआयने दुकानदाराला दिलेली रक्कम त्याच्याकडे पोहोचल्याची पुष्टी न झाल्यास ती व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत आपोआप परत यावी आणि त्यापुढील विलंबासाठी प्रतिदिन १०० रुपये भरपाई, ग्राहकाने मागण्याची वाट न पाहता, दिली जावी, असा दंडक त्याने घालून दिला.

व्यवहार पूर्ण झाला, पण वस्तू सदोष निघाली किंवा आलीच नाही, हा दुसरा प्रकार. येथे उत्तर देणे हे विक्रेत्याचे काम. परतावा हा मूळ व्यवहार पुसून टाकण्याचा प्रकार नसून उलट दिशेने होणारा एक स्वतंत्र व्यवहार असतो, हे अनेकांना ठाऊक नसते. कार्डावरील परताव्याला २३ अंकी आणि यूपीआयच्या व्यवहाराला १२ अंकी संदर्भ क्रमांक असतो. ‘परतावा सुरू केला’ एवढ्यावर समाधान न मानता कंपनीकडून हा क्रमांक मागून घ्यावा. क्रमांक मिळाला तर बँकेला रकमेचा माग काढता येतो. तो देण्याची टाळाटाळ झाली, तर बहुधा पैसे अद्याप निघालेलेच नाहीत असे समजावे. कार्डाने पैसे भरले असतील आणि विक्रेता दादच देत नसेल, तर कार्ड देणाऱ्या बँकेकडे त्या व्यवहाराबद्दल वाद नोंदवता येतो. त्यालाही मुदत असते, म्हणून महिनोन्‌महिने वाट पाहू नये.

ग्राहकाने न केलेला व्यवहार हा तिसरा प्रकार. यात प्रत्येक तास मोलाचा असतो. बँकेला तत्काळ कळवावे आणि सायबर गुन्ह्यांसाठीच्या १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

दुसऱ्या प्रकारातून तिसरा उद्भवण्याचे प्रसंग मात्र वाढत आहेत. कंपनी दाद देत नाही म्हणून वैतागलेला ग्राहक इंटरनेटवर ग्राहकसेवेचा क्रमांक शोधतो आणि तिथे भामट्यांनी पेरून ठेवलेला बनावट क्रमांक त्याच्या हाती लागतो. पलीकडचा माणूस कमालीच्या आपुलकीने ऐकून घेतो, परतावा लगेच देऊ म्हणतो आणि त्यासाठी एखादे ॲप उतरवून घ्यायला किंवा पिन टाकायला सांगतो. खऱ्या कंपनीने न दाखवलेली आस्था इथे मिळते, म्हणूनच माणूस फसतो. पैसे मिळवण्यासाठी यूपीआय पिन कधीही टाकावा लागत नाही, हे घरातील प्रत्येकाला सांगून ठेवण्याजोगे आहे. क्रमांक घ्यायचा तो कंपनीच्या अधिकृत ॲपवरून किंवा देयकावरूनच.

बँकांचेही दायित्व

हा उपदेश केवळ ग्राहकाला आणि व्यापाऱ्याला करून बँकांना मोकळे होता येणार नाही. ‘कंपनीला विचारा’ असे सांगून खिडकीवरून ग्राहकाला परत पाठवणारा बँक कर्मचारी त्याच टोलवाटोलवीत सामील होतो. तक्रार आपल्या अखत्यारीतली नसली, तरी ती कोणाच्या अखत्यारीत आहे आणि त्यासाठी कोणता क्रमांक मागायचा, एवढे सांगायला पाच मिनिटे पुरतात. बँकेच्या सेवेविषयीच्या तक्रारीला बँकेकडून ३० दिवसांत उत्तर मिळाले नाही किंवा ते समाधानकारक वाटले नाही, तर ग्राहक रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य दाद मागू शकतो. हा मार्ग ग्राहकाला बँकेनेच आपणहून सांगितला पाहिजे. त्यात बँकेची अप्रतिष्ठा नाही. उलट, तो लपवून ठेवण्यात आहे.

ऑनलाइन व्यापार थांबणार नाही आणि तो थांबावा असे कोणाला वाटतही नाही. यंत्रे उत्तरे देऊ लागली म्हणूनही बिघडत नाही. पण प्रत्येक यंत्राच्या मागे नाव असलेला एक माणूस असलाच पाहिजे आणि दिलेल्या मुदतीत तो गाठता आला पाहिजे. नियमांनी ही अपेक्षा लेखी नोंदवलेली आहे. व्यापारी संस्था ती आपणहून पाळतील तेव्हा उत्तमच. तोपर्यंत ग्राहकाने ‘जाऊ दे’ म्हणण्याआधी एक पत्र तरी लिहावे. रक्कम सातशेची असली तरीही.