काठी लावली म्हणजे हॅम होत नाही

मंडळी, आज कोड नाही, डेटाबेस नाही. आज थोडं भांडायचं आहे.

भांडण आमच्याच जमातीशी आहे. म्हणजे शनिवार-रविवार थार, जिम्नी, जुनी जिप्सी नाहीतर तिच्याहून म्हातारी जीप काढून चिखलात लोळायला जाणाऱ्यांशी. गेल्या काही वर्षांत या गाड्यांवर काठ्या उगवायला लागल्यात. विचारलं की छाती फुगवून उत्तर येतं, "हॅम बसवलाय!" मग मी आपला सहज विचारतो, कॉलसाइन काय? त्यावर समोरचा असा बघतो, जणू मी त्याच्या एटीएमचा पिन विचारला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: हॅम रेडिओ ही वस्तू नाही, ती एक सेवा आहे. केंद्र सरकारची परीक्षा द्यायची, पास झालात की परवाना मिळतो आणि त्याबरोबर एक नाव मिळतं. आपल्याकडे ते बहुतेक व्हीयू-टू किंवा व्हीयू-थ्रीने सुरू होतं. जगात ते नाव फक्त तुमचं. बोलताना ते सांगावंच लागतं, कारण हवेत तुमचा चेहरा दिसत नाही. ज्याच्याकडे हे नाव नाही त्याच्याकडे आहे तो नुसता ट्रान्समीटर. छान आहे, महाग आहे, पण हॅम नाही.

आता यावर नेहमीचे तीन-चार युक्तिवाद येतात, ते एकेक करून घेऊ.

पहिला: "मोबाईल आहे ना, मग हे लफडं कशाला?" हा युक्तिवाद करणाऱ्याने वरंध घाटातून खाली शिवथरकडे उतरताना फोन काढून बघावा. सह्याद्रीत रेंज ही हापूस आंब्यासारखी असते, ठरावीक ठिकाणी आणि ठरावीक काळच मिळते. लडाखला गेलात तर महाराष्ट्रातलं प्रीपेड सिम तिथे मुळात चालतच नाही. सॅटेलाइट फोन म्हणाल तर थुराया, इरिडियमवाले आपल्याकडे परवानगीशिवाय बाळगणंसुद्धा गुन्हा आहे. २०२४च्या डिसेंबरमध्ये गोव्याच्या विमानतळावर एका कॅनेडियन धावपटूबाईंना सामानात सॅटेलाइट संदेशाचं छोटं यंत्र सापडलं म्हणून अडवलं होतं. तेव्हा रेडिओ हवाच, यात माझा वाद नाही. उलट मी म्हणतो की दोनपेक्षा जास्त गाड्या आडरानात जाणार असतील तर विंचच्या आधी रेडिओ घ्या. पुढच्या गाडीने दरीच्या काठावरचा निसटता दगड पाहिला आणि मागच्याला वेळेत सांगितलं, एवढं एक वाक्य विंचपेक्षा जास्त कामाचं.

वाद पुढे आहे. दुसरा युक्तिवाद, आणि हा फार लाडका: "इमर्जन्सीत कोण लायसन्स विचारतो हो?"

वा! म्हणजे वर्षभर त्याच रेडिओवर "दादा, मिसळ कुठे खायची" चालतं ते कशात बसतं? आणि खरी इमर्जन्सी आली तरी हा माणूस करणार काय? बटण दाबून ओरडणार. पण ऐकतंय कोण? दोन गाड्यांच्या अँटेना जमिनीपासून दोन-दोन मीटरवर धरल्या तर सपाट मैदानात जेमतेम अकरा-बारा किलोमीटरपर्यंत सरळ नजर पोचते. घाटात मध्ये डोंगराची एक सोंड आली की संपलं, वळणापलीकडचाही ऐकू येत नाही. हजारभर मीटर उंचावर रिपीटर असेल तर मात्र तीच रेषा सव्वाशे किलोमीटरच्या पुढे जाते. पण रिपीटर वापरायचा म्हणजे तो ऐकतो कुठल्या फ्रिक्वेन्सीवर, बोलतो कुठल्या, त्याला उठवायला कुठला टोन लागतो, हे आधी माहीत पाहिजे. आणि त्यावर रोज संध्याकाळी गप्पा मारणाऱ्या काकालोकांना तुमचा आवाज ओळखीचा पाहिजे. हे सगळं परवान्याच्या वाटेवर आपोआप शिकलं जातं. संकटाच्या वेळी मॅन्युअल उघडून बसायचं म्हणजे सर्व्हर बसल्यावर बॅकअप कुठे ठेवला होता हे शोधण्यासारखं आहे.

२००४च्या डिसेंबरमध्ये भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी हॅम हौसेखातर अंदमानात पोर्ट ब्लेअरला गेले होते. जगभरच्या हॅमना अंदमानशी संपर्क मिळवून द्यायचा, बस एवढंच. २६ तारखेला त्सुनामी आली, फोन बंद पडले, आणि तीच हौशी मंडळी तीच यंत्रं घेऊन निरोप पोचवायला बसली. हे जमलं कारण अँटेना कशी उभारायची, कुठल्या वेळी कुठला बँड चालतो, निरोप कसा लिहून घ्यायचा आणि कसा पुढे द्यायचा, हे त्यांच्या हातात मुरलेलं होतं. इमर्जन्सीचा दाखला द्यायचाच असेल तर तो असा आहे. ऑनलाइन मागवलेला डबा डॅशबोर्डवर चिकटवणाऱ्याचा नाही.

तिसरा: "आपण कुणाला त्रास देतो?" देता, भाऊ. स्वस्तातले चिनी हातरेडिओ १३६ ते १७४ मेगाहर्ट्झपर्यंत कुठेही बोलू शकतात. त्यात हॅमचा वाटा फक्त १४४ ते १४६. उरलेल्यात समुद्रावरच्या बोटी आहेत, रेल्वेचे गार्ड-ड्रायव्हर आहेत, इतर सरकारी खाती आहेत. यंत्र तुम्हाला अडवत नाही. रूट पासवर्ड हातात आहे म्हणून प्रॉडक्शनवर वाटेल ती कमांड मारायची नसते, हे आपल्या धंद्यातल्या पोरांना पहिल्या वर्षी कळतं. इथे मात्र पंधरा वर्षं अनुभवाचे आर्किटेक्ट लोक "स्कॅन केलं, रिकामं वाटलं, म्हणून घेतलं" असं बिनदिक्कत सांगतात. रिकामं वाटलं! स्टेशनात गाडी नाही म्हणजे रुळावर सतरंजी अंथरायची का? याच कारणासाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२५ साली मोठमोठ्या विक्री-संकेतस्थळांना वॉकी-टॉकीवरून नोटिसा पाठवल्या. फ्रिक्वेन्सी कुठली, परवाना लागतो का, काही न सांगता माल विकला जात होता.

आणि चौथी जात म्हणजे पैसे घेऊन सहली नेणारे. डोक्यामागे अमुक हजार रुपये, त्यात "हॅम रेडिओ सपोर्ट" हे आमिष. अहो, हौशी सेवेची आंतरराष्ट्रीय व्याख्याच अशी आहे की ती स्वतःच्या आवडीसाठी आणि शिकण्यासाठी, पैशाच्या लाभाशिवाय. धंद्याच्या कामाला तो बँड वापरता येत नाही, तुमच्या लीडरकडे परवाना असला तरी. तुमच्यासाठी कायद्याने दुसरी दारं उघडी ठेवली आहेत. ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झचे कमी ताकदीचे हातरेडिओ २०१८च्या नियमांनी परवान्यातून मोकळे केलेत. सत्तावीस मेगाहर्ट्झचा सिटिझन बँड तर २००५पासून पाच वॉटपर्यंत मोकळा आहे. पाच-सहा गाड्यांच्या ताफ्याला, एकमेकांच्या नजरेच्या टप्प्यात, हातातला साधा ४४६वाला पुरतो. पण त्यात "हॅम बसवलाय" म्हणायची मजा नाही ना!

असो. आता समजा तुम्ही शहाण्यासारखी परीक्षा दिलीत, पोलिस पडताळणी झाली, वाट बघून का होईना परवाना आला, आणि चालत्या गाडीतून बोलण्याचे नियमही वाचलेत. हुश्श. आता गाडी अॅक्सेसरीजच्या दुकानात नेणार? नका नेऊ, हात जोडतो.

दुकानातला पोरगा गोड असतो. "साहेब, सिगरेट लायटरला मारून देतो, अर्ध्या तासात मोकळे." ऐका. पन्नास वॉटचा गाडीतला रेडिओ बोलताना दहा-बारा अँपियर खेचतो. म्हणजे साधारण दीडशे वॉट आत जातात, पन्नास हवेत जातात आणि शंभर नुसते तापतात. लायटरचं सॉकेट असतं साधारण एकशेवीस वॉटचं. गणित तिथेच संपलं.

बरं, लायटर नको म्हटलं तर तो स्पीकरला वापरतो तसली एक स्क्वेअर एमएमची वायर ओढणार. बॅटरीपासून मागच्या सीटपर्यंत पाच मीटर जायला, पाच यायला, मिळून दहा मीटर. या वायरीत बारा अँपियरला दोन व्होल्टच्या वर गळती होते. इंजिन चालू असताना १३.८चे पावणेबारा राहतात. इंजिन बंद असेल, म्हणजे गाडी अडकून पडलीय आणि रेडिओची खरी गरज आहे तेव्हा, साडेबाराचे साडेदहा. बटण दाबलं की डिस्प्ले मिणमिणतो आणि रेडिओ बंद. मग ग्रुपवर मेसेज, "कंपनीचा पीस डिफेक्टिव्ह आहे." पीस नाही हो, वायर! सहा स्क्वेअर एमएम घाला, गळती जेमतेम एक-तृतीयांश व्होल्टवर येते. फरक काही शे रुपयांचा.

फ्यूज कुठे लावायचा यावर तर मी लोकांशी तासन्‌तास भांडलोय. रेडिओच्या मागे असतोच की, मग अजून कशाला? कारण तो रेडिओला वाचवतो, वायरला नाही. बॅटरीपासून फायरवॉलमधून आत येणारी वायर पत्र्याच्या कडेवर घासते. ऑफ-रोड गाडीत तर दर रविवारी घासते. इन्सुलेशन फाटलं की बॅटरी तिच्यातून शेकडो अँपियर ओतते आणि कार्पेटखाली आग लागते. म्हणून फ्यूज बॅटरीच्या टर्मिनलपासून वीतभर अंतरावर. फायरवॉलच्या भोकात रबरी ग्रोमेट. लग नीट क्रिम्प केलेले, नुसती पिळलेली वायर नाही. निगेटिव्हचंही असंच. नव्या गाड्यांत बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवरच करंट मोजणारा सेन्सर बसवलेला असतो. त्याच्या अलीकडे तुम्ही थेट टर्मिनलला जोडलंत तर गाडीच्या कॉम्प्युटरला तुमचा रेडिओ दिसतच नाही आणि बॅटरीचा हिशेब चुकतो. तिथे निगेटिव्ह चॅसिसवर घ्यायची, रंग खरवडून, उघड्या धातूला.

जागेचंही तसंच. सीटखाली रिकामी जागा आहे म्हणून डबा तिथे? थारची कंपनी ६५० मिलिमीटर पाणी ओलांडायचा दावा करते. दारातून पाणी आत आलं की आधी काय बुडणार? सीटखालचं. डबा वर घ्या, पण एअरबॅग उघडते त्या वाटेत नको. दीड किलोचा धातू तोंडावर फेकून घ्यायची हौस असेल तर गोष्ट वेगळी. आणि छतावरचा तो एलईडी बार एकदा बंद करून बघा. रेडिओतली खरखर अचानक थांबली तर दोषी सापडला. स्वस्त बारमधला ड्रायव्हर हा स्वतःच एक छोटा, बिनपरवाना ट्रान्समीटर असतो.

शेवटी काठी. १४५ मेगाहर्ट्झची तरंगलांबी दोन मीटरच्या आसपास, त्यामुळे पाव तरंगाची काठी साधारण अर्धा मीटर. ती अर्धीच अँटेना असते. दुसरा अर्धा भाग म्हणजे खालचा पत्रा. कापडी किंवा फायबरच्या छतावर तीच काठी लावलीत तर तुम्ही अर्धी अँटेना लावलीत, सुंदर दिसणारी. तिथे अर्ध्या तरंगाची, मीटरभर लांबीची घ्या. तिला पत्र्याची फारशी गरज नसते, बॉनेटच्या कडेच्या ब्रॅकेटवरही चालते. झाडाच्या फांद्या तिला झोडपणार, तेव्हा खाली स्प्रिंग हवी. आणि काहीही लावा, एसडब्ल्यूआर मीटर जोडून मोजल्याशिवाय पूर्ण ताकदीने बटण दाबू नका. गेलेली शक्ती परत फिरून फायनल ट्रान्झिस्टर भाजते. मीटर विकत घ्यायलाच हवा असं नाही. गावातल्या कुठल्याही हॅमकडे असतो, आणि तो आणून देताना चहाबरोबर तासभर व्याख्यान फुकट मिळतं.

ज्यांच्या गाडीला लोखंडी छत आहे त्यांच्यासाठी मात्र सर्वोत्तम जागा एकच, छताचा मध्य. त्याला पाऊण इंची भोक लागतं. इथे आमच्या शूरवीरांचे चेहरे उतरतात. स्नॉर्केलसाठी फेंडरला मूठभर भोक पाडलं, टायर घासतात म्हणून बंपर कापला, विंचसाठी पुढचं सगळं उतरवलं, आणि या नाण्याएवढ्या भोकाला "रिसेल व्हॅल्यू जाईल हो!" चुंबकवाली घ्या मग. पहिल्या बाभळीखाली राहील ती.

भोक पाडणार असाल तर ड्रिल लावण्याआधी आतलं छताचं कापड खाली घ्या. मागे पडदा-एअरबॅगची वायर जाते.