भाजीमळा व त्याचे वांटेकरी

रासायनिक खतें वर्ज्य केलीं कीं सेंद्रिय भाजीमळा चालतो, हा समज आम्हांस अपुरा वाटतो. सर आल्बर्ट हॉवर्ड यांनीं १९२४ ते १९३१ या काळांत इंदूर येथें पालापाचोळा व शेण कुजवून उत्तम खत करण्याची रीत बसविली. तिनें जमिनीचें पोषण होतें. परंतु कीड पडल्यास अगर गारा आल्यास लहान बागाइतदाराचें पोषण कोणीं करावें? १९८६ सालीं अमेरिकेंत मॅसॅच्युसेट्स व न्यू हॅम्पशायर येथील दोन मळ्यांनीं यावर उपाय योजिला. गिऱ्हाइकांनीं हंगामापूर्वींच खर्चाचा वांटा पत्करावयाचा व येईल ती भाजी घ्यावयाची. नुकसान झाल्यास तेंही सर्वांचें. वाचकहो, निर्विष भाजी आपणां सर्वांस हवी, पण तिची जोखीम मात्र एकट्या शेतकऱ्याची, हा न्याय नव्हे.