प्रबंध जमा झाला. खुला झाला का?

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या विनियमांनी पीएच.डी. प्रबंधाची संगणकीय प्रत ‘इन्फ्लिबनेट’कडे पोहोचविणे आवश्यक ठरविले. त्या वेळी पदवी जाहीर झाल्यावर तीस दिवसांची मुदत होती. २०१६ च्या विनियमांनी पदवी जाहीर होण्यापूर्वीच प्रत देण्याची अट घातली आणि २०२२ मध्ये ती कायम राहिली. गांधीनगरच्या या केंद्राच्या ‘शोधगंगा’ भांडारातील प्रबंध कोणालाही विनामूल्य वाचता येतात. संशोधनाचा भार सार्वजनिक निधी उचलत असेल, तर त्याचे फलित समाजाला खुले असावे, हे यामागील तत्त्व वादातीत आहे.

प्रश्न आहे तो पालनाच्या रीतीचा. मराठीतील कितीतरी प्रबंधांची अक्षरजुळणी युनिकोडपूर्व टंकांत झालेली आहे. असा प्रबंध पडद्यावर देवनागरीत दिसतो. परंतु संगणकाच्या लेखी तो रोमन अक्षरांची व चिन्हांची अर्थहीन रांग असतो. पानांची नुसती छायाचित्रे जमा केली असतील, तर शोधण्याजोगा मजकूरच उरत नाही. साहजिकच ‘लोकतत्त्व’ हा शब्द शोधणाऱ्या अभ्यासकाला, तो शब्द पानोपानी आलेला प्रबंधही सापडत नाही. माझ्या एका विद्यार्थिनीला आपल्याच विषयावरील पूर्वीचा प्रबंध दुसऱ्या वर्षाअखेरीस कळला, तोही एका चर्चासत्रातील गप्पांतून. प्रबंध भांडारात होता; तिच्यापर्यंत पोहोचण्याची वाट मात्र नव्हती.

खुलेपणामुळे उचलेगिरी वाढेल, असा आक्षेप घेतला जातो. तो सर्वस्वी निराधार नाही. तथापि, कपाटबंद प्रबंधांतूनही उचलेगिरी होतच आली. ती उघडकीस येत नव्हती, इतकेच. चोरी पकडायची तर मूळ मजकूर संगणकाला वाचता आला पाहिजे. २०१८ च्या विनियमांनी अनिवार्य केलेली वाङ्मयचौर्याची तपासणी जुन्या टंकांतील मजकुरापुढे निष्प्रभ ठरते. म्हणजे अर्धवट खुलेपणा वाचकाला अडवतो आणि चोराला अभय देतो.

यावरील उपाय खर्चिक नाही. प्रबंध युनिकोडमध्ये आहे, शीर्षक व सूचक शब्द मराठीत नोंदविले आहेत आणि सारांश जोडला आहे, एवढे पाहिल्याखेरीज मार्गदर्शकाने स्वाक्षरी करू नये. विभागांनीही आपले जुने टंकलिखित प्रबंध, संशोधकांच्या संमतीने, टप्प्याटप्प्याने भांडारात आणावेत. पोचपावती मिळाली की नियम पुरा होतो. कर्तव्य मात्र प्रबंध वाचकाच्या हाती पडल्यावरच पुरे होते.