ठेका मिळाला, पैशांचं काय?

पेण-रोह्यात कंपनीचा ठेका कोणाला मिळाला यावर टपरीवर तासभर चर्चा होते. बॅनर लागतात, पेढे वाटले जातात. त्या ठेक्याचं बिल किती दिवसांनी निघालं, हे मात्र कोणी विचारत नाही. मी लहान व्हेंडर मंडळींचे हिशेब लिहितो, जीएसटी रिटर्न भरतो. फॅब्रिकेशनवाले, पेंटिंगवाले, कॅन्टीनवाले, पॅकिंगचं सामान देणारे. त्यांच्या वह्यांत जे दिसतं ते लिहितोय. कुठल्याही कंपनीचं नाव घेणार नाही, कारण उद्या माझ्या क्लायंटची पीओ बंद होईल. आपल्या भागातली परिस्थिती यातच समजून घ्या.

साधं गणित बघा. धाटावला शेड घेऊन फॅब्रिकेशन करणारा एक पोरगा धरा. मे महिन्यात पाच लाखांचं काम केलं, बिल टाकलं. वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ९० हजार. पत्रा-अँगलच्या खरेदीवर दिलेला जीएसटी वजा जाऊन जे उरेल ते २० जूनपर्यंत सरकारला भरायचं. कंपनीने पैसे दिले असोत वा नसोत. कंपनी मात्र त्या ९० हजारांचं क्रेडिट आधीच घेऊन मोकळी. तिने १८० दिवसांत बिल चुकतं केलं की झालं. वेल्डर आणि हेल्परचा पगार महिन्याच्या महिन्याला. लोखंडवाला फार तर आठ-पंधरा दिवस थांबतो. आणि पीओवर छापलेलं असतं, पेमेंट ९० दिवस. तेही बिलापासून नाही, स्टोअरमध्ये माल चढल्याची नोंद होईल तेव्हापासून. ती नोंद कधी होणार, हे स्टोअरवाल्याच्या मर्जीवर.

म्हणजे बायकोचे दागिने गहाण ठेवून या पोराने शेकडो कोटींच्या कंपनीला बिनव्याजी कर्ज दिलं. वर आपणच म्हणतो, कंपनीने त्याला उभं केलं.

आता कायदा काय म्हणतो? २००६ चा एमएसएमई कायदा आहे. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल किंवा सेवा घेतली, की लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत पैसे. करारच नसेल तर १५ दिवस. पीओवर ९० लिहून त्यावर तुमची सही घेतली तरी ४५ चे ९० होत नाहीत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने व्याज, दर महिन्याला चक्रवाढ. मालाबद्दल तक्रार असेल तर कंपनीने ती १५ दिवसांत लेखी द्यायची, नाहीतर माल पोचला त्या दिवसापासून मोजणी सुरू. स्टोअरच्या नोंदीचा खेळ इथेच संपायला हवा होता.

एप्रिल २०२४ पासून आयकर कायद्यातही तरतूद आली. मुदतीत पैसे दिले नाहीत तर तो खर्च कंपनीला ज्या वर्षी प्रत्यक्ष पैसे देईल त्याच वर्षी दाखवता येतो. वाटलं होतं, आता मार्ग निघेल. थोडा निघालाही, मार्च महिन्यात अचानक पैसे जमा व्हायला लागले. पण दुसरीकडे माझ्याच दोन क्लायंटना खरेदी खात्यातून निरोप आला, 'उद्यम नंबर बिलावर टाकू नका.' एकाला सांगितलं, बिल पुढच्या महिन्याच्या तारखेचं द्या. दोघांनीही ऐकलं. मी त्यांना दोष देत नाही. तक्रार करायची तर उद्योग खात्याच्या सुविधा परिषदेकडे जायचं, निकाल कायद्याप्रमाणे ९० दिवसांत. पण अर्ज केला त्या दिवसापासून पुढचं काम बंद, हे त्याला पक्कं माहीत असतं. हक्क आहे, पण तो एकट्याने वापरला की धंदा जातो.

खरेदीची पद्धतही बदलली. आधी खरेदीचे साहेब इथेच, वसाहतीत राहायचे. बिल अडकलं तर गेटवर भेटून बोलता यायचं. आता दर ठरतो ऑनलाइन लिलावात. पुण्याचा, गुजरातचा व्हेंडर स्क्रीनवर बसलेला, दर खाली खाली जातो. बिल अडकलं तर पोर्टलवर तिकीट टाका. मी लिलावाच्या विरोधात नाही. पूर्वी साहेबांचा कट असायचा, तो पुष्कळ कमी झाला. पण लिलावात दर सगळ्यांना दिसतो, मग पैसे मिळण्याची तारीखही तशीच का दिसू नये?

व्हेंडरही धुतल्या तांदळाचे नाहीत. पीएफचं चलन न जोडता बिल टाकतात, मोजमापाच्या शीटवर इंजिनीअरची सही नसते, आणि मग महिनाभर बोंबलतात. तेवढं सुधारा.

पण माझा खरा राग आपल्या पुढाऱ्यांवर आहे. सगळ्या पक्षांच्या. भूमिपुत्रांना काम द्या म्हणून गेटवर आंदोलन होतं, निवेदनं जातात, आणि बऱ्याचदा ठेका जातो पुढाऱ्याच्या माणसाला. तो खाली तिघांना वाटतो आणि सांगतो, कंपनीने मला दिले की मी तुला देईन. कंपनीचे ९० दिवस, याचे वर आणखी ३०. आजवरच्या एका तरी निवेदनात ४५ दिवसांचा उल्लेख मी पाहिलेला नाही. २०१० ला पेण अर्बनमध्ये ठेवी अडकल्या त्या घरांना, पैसा अडकला की काय होतं ते सांगायची गरज नाही.

निवेदन लिहायचंच असेल तर दोन गोष्टी मागा. एक, स्थानिक लघु उद्योगांची किती बिलं ४५ दिवसांपुढे गेली, हे कंपनीने दर तिमाहीला गेटवर लावावं. सूक्ष्म-लघु पुरवठादारांची थकबाकी तिला वार्षिक हिशेबात दाखवावीच लागते, त्यामुळे आकडा नाही असं म्हणता येणार नाही. दोन, २५० कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना ३१ मार्च २०२५ पर्यंत ट्रेड्सवर नोंदणी सक्तीची होती. तिथे कंपनीने बिल मान्य केलं की बँक व्हेंडरला थोडा वटाव कापून आधीच पैसे देते. पण नोंदणी करून एकही बिल न चढवणाऱ्याला कोणी विचारत नाही. ते विचारा. आणि तक्रार एकट्या व्हेंडरच्या नावाने नको. पंधरा-वीस जणांनी एकाच दिवशी अर्ज टाकले तर कोणाकोणाचं काम बंद करणार?

ज्यांची उद्यम नोंदणी अजून झाली नाही त्यांनी पुढची पीओ घ्यायच्या आधी करा, नंतर केली तर वाद निघतो. आधार आणि पॅन लागतं, फी शून्य. कोणी हजार-दोन हजार मागत असेल, अगदी माझ्या व्यवसायातला असला तरी, देऊ नका.