गॅरेजातली तालीम कोणत्या खात्यात जमा होणार?

सदरमध्ये अंजुमनच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकणारा विद्यार्थी आणि मंगळवारी बाजाराकडच्या एखाद्या गॅरेजात उस्तादाच्या हाताखाली इंजिन खोलणारा पोरगा, शिकतात दोघंही. पहिल्याचं शिक्षण सरकारदरबारी नोंदवायची सोय झाली. दुसऱ्याची दहा वर्षं फक्त उस्तादाला ठाऊक.

कागदावर पाहिलं तर रस्ता उघडा आहे. 2021 मध्ये ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स आली, 2023 मध्ये राष्ट्रीय क्रेडिट आराखडा. 30 तासांचं शिक्षण म्हणजे 1 क्रेडिट, वर्षाचे 1200 तास म्हणजे 40. त्यात शाळा-कॉलेजासोबत कौशल्य आणि कामाचा अनुभवही धरलाय. अट एकच, मूल्यमापन झालं पाहिजे. आणि खरी अडचण इथंच आहे. उस्ताद परीक्षक नाही, गॅरेज परीक्षा केंद्र नाही. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत 2015 पासून आधीच्या कौशल्याला प्रमाणपत्र देण्याची तरतूद आहे, पण त्यासाठी केंद्रापर्यंत जायचं म्हणजे रोजी बुडवायची.

नोंद ठेवणं तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. 'एक्सपीरियन्स एपीआय' नावाचं मानक 2013 पासून वापरात आहे. कोणी, काय केलं, कशावर केलं, एवढं साधं वाक्य संगणकात साठवायचं. 'अमुकने कार्बोरेटर दुरुस्त केला' हेही त्यात बसतं.

मदरशाचं तर विचारूच नका. हिफ्ज करणारं लेकरू काही वर्षं पहाटेपासून बसतं. तास मोजले तर हजारोंनी भरतील, क्रेडिट शून्य. 2015 मध्ये राज्य सरकारनं गणित, विज्ञानासारखे विषय न शिकवणाऱ्या मदरशांतल्या मुलांना शाळाबाह्य धरायचं ठरवलं होतं. ऑक्टोबर 2024 मध्ये डॉ. झाकीर हुसेन मदरसा आधुनिकीकरण योजनेतल्या डी.एड. शिक्षकांचं मानधन 6 हजारांवरून 16 हजार केलं, बी.एड.वाल्यांचं 8 वरून 18. चांगलंच झालं. पण शिकवणाऱ्याचा हिशेब झाला, शिकणाऱ्याचा राहिला. आपल्या संस्थांनीही हिफ्जच्या तासांची नीट नोंदवही कधी ठेवली नाही, हेही कबूल करायला हवं.

आता 'अपार'चा 12 अंकी क्रमांक. शाळेतलं नाव आणि आधारवरचं नाव जुळलं तरच तो निघतो. आपल्याकडे आधारवर 'मोहम्मद', दाखल्यावर 'मो.', राशन कार्डावर तिसरंच. 'शेख'ची इंग्रजी स्पेलिंग तर एकाच घरात तीन निघतात. संमती ऐच्छिक आहे, फॉर्म वाचूनच सही करा. देणार असाल किंवा नसाल, शाळेच्या जनरल रजिस्टरमधलं नाव मात्र दहावीचा फॉर्म भरण्याआधी तपासून घ्या. शाळा सुटल्यावर ती दुरुस्ती फार किचकट होते.