जाळीवरची तार

पावसाळा सरला की गच्चीवर आणि फार्महाऊसवर बार्बेक्यूच्या शेगड्या पेटतात. कोंबडी, पनीर, कणसे भाजून खाल्ली जातात. चरबी आणि मसाला मात्र लोखंडी जाळीवर जळून घट्ट बसतो. तो खरवडायला बहुतेक जण तारेचा ब्रश वापरतात. या ब्रशची एखादी तार सुटून जाळीवरच्या चिकट थरात राहिली, तर पुढच्या वेळी ती घासाबरोबर पोटात जाते. इतकी बारीक की दाताखाली कळतही नाही.

ही नुसती शंका नव्हे. अमेरिकेत प्रॉव्हिडन्स शहरातील एका रुग्णालय समूहाकडे मार्च २०११ ते जून २०१२ या काळात असे सहा रुग्ण आले. काहींच्या घशात तार रुतली होती, काहींचे आतडे भेदले जाऊन तातडीची शस्त्रक्रिया करावी लागली. २००२ ते २०१४ दरम्यान त्या देशात अशा सुमारे १,७०० दुखापती रुग्णालयांच्या तातडीच्या विभागात आल्या असाव्यात, असा एका अभ्यासाचा अंदाज आहे. एवढ्या मोठ्या देशात हा आकडा फार नाही. पण ब्रश बदलला की टळणारे दुखणे एकाने तरी का सोसावे?

जाळी स्वच्छ करायला तारेची गरजच नाही. ती गरम असतानाच लाकडी उलथन्याने खरवडावी, थोडी निवल्यावर ओल्या जाड फडक्याने पुसावी. फारच चिकट असेल तर साबणाच्या गरम पाण्यात भिजत घालून काथ्याने घासावी. स्वयंपाकघरातील तारेच्या घासणीचेही तुकडे सुटतात, त्यामुळे तिने घासलेली भांडी नीट विसळून, पुसून घ्यावीत. तंदूरच्या सळया तारेने घासणाऱ्या हॉटेलचालकांनीही हे लक्षात घ्यायला हवे.

खरी अडचण निदानाची. तार गिळल्याचे रुग्णाला ठाऊकच नसते. घसा दुखला तर टॉन्सिल, पोट दुखले तर अपेंडिक्स अशी शंका आधी येते. साध्या एक्स-रेमध्ये बारीक तार निसटू शकते. सीटी स्कॅनमध्ये ती सापडण्याची शक्यता जास्त. म्हणून बार्बेक्यूनंतर गिळताना टोचू लागले किंवा पोटात कळा आल्या, तर आदल्या दिवशी काय खाल्ले ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे. माशाचा काटा अडकला की आपल्याकडे कोरड्या भाताचा घास किंवा केळे गिळायला लावतात. इथे तसे मुळीच करू नये. तार आणखी खोल रुतते.