मुक्कामाची गाडी

ह्या वेळी आम्ही जो विषय वाचकांपुढे ठेवीत आहो तो प्रथमदर्शनी क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. भोर व वेल्हे (आताचा राजगड) ह्या पुणे जिल्ह्यातील दोन डोंगरी तालुक्यांतील विद्यार्थी, पालक व ग्रामस्थ, बंद पडलेल्या एस. टी.च्या फेऱ्या पुन्हा सुरू व्हाव्यात आणि चालू असलेल्या वेळेवर याव्यात, म्हणून वारंवार निवेदने देत असतात. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर चार ओळींत ती बातमी येते आणि विरून जाते. ज्यांच्या दाराशी स्वतःची मोटार उभी आहे त्यांनी ती न वाचता पान उलटले तर नवल नाही. परंतु त्या चार ओळींच्या मागे पुष्कळदा एखाद्या मुलीचे शिक्षण पुढे चालावयाचे की थांबावयाचे, एवढा मोठा प्रश्न उभा असतो; म्हणूनच त्याचा विचार येथे करावयाचे आम्ही योजिले आहे.

भोर हे पंतसचिवांच्या संस्थानचे राजधानीचे गाव. 8 मार्च 1948 रोजी दक्षिणेतील इतर संस्थानांबरोबर ते मुंबई प्रांतात विलीन झाले. आणि त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, 1 जून 1948 रोजी, सरकारी एस. टी.ची पहिली गाडी पुण्याहून अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, धावली. संस्थानची प्रजा नागरिक झाली ती ज्या वर्षी, त्याच वर्षी सामान्य नागरिकास स्वतःची म्हणता येईल अशी गाडीही मिळू लागली. ह्या दोन गोष्टींचा योग आम्हांस केवळ कालगणनेचा वाटत नाही. हक्क कागदावर मिळाला, तरी कचेरी, शाळा व दवाखाना ह्यांपर्यंत पोहोचावयास वाहन नसेल तर तो हक्क घरातच बसून राहतो.

ह्या मुलखाची ठेवणच अशी की तेथे वाहनावाचून गत्यंतर नाही. सातारा रस्त्याने कापूरहोळपर्यंत जाऊन आत वळले म्हणजे भोर. त्याच्या अलीकडेच चेलाडीच्या फाट्यावरून नसरापूर, मार्गासनी, विंझर ह्या वाटेने वेल्हे. पुण्यापासून भोर सुमारे 50 किलोमीटर. तेथवर फारशी अडचण नाही. खरी अडचण तेथून पुढे सुरू होते. वेळवंडी नदीवरील भाटघरचे 1928 सालचे धरण आणि नीरेवरील देवघरचे धरण ह्यांच्या पाण्याने समोरासमोरच्या काठांवरील गावांत अंतर पाडले आहे, आणि प्रत्येक खोऱ्याचा रस्ता काठाकाठाने वळणे घेत आत जातो. वरंध घाटाने महाडकडे उतरावे, तर दरडींच्या भयाने अलीकडे तो पावसाळ्यात जड वाहनांस बंद ठेवण्यात येतो. वेल्ह्याची वस्ती तर इतकी विरळ, की 2011 च्या जनगणनेत साऱ्या तालुक्यात मिळून सुमारे 54 हजार माणसे भरली. राजगड व तोरणा पाहावयास सुटीच्या दिवशी मोटारींची रांग लागते. परंतु त्याच गडांच्या पायथ्याच्या मुलांस सोमवारी सकाळी शाळेत कसे जावे ह्याची विवंचना पडलेली असते.

अशा मुलखासाठी एस. टी.च्या जुन्या माणसांनी एक फार शहाणपणाची योजना केलेली होती. ती म्हणजे मुक्कामाची गाडी. सायंकाळी तालुक्याच्या गावाहून निघालेली गाडी खोऱ्याच्या टोकाच्या गावी रात्री वस्तीस राहावयाची. चालक-वाहक देवळात अथवा शाळेच्या पडवीत पथारी पसरावयाचे. कोणाच्या तरी घरून पिठले-भाकरी यावयाची. आणि पहाटे तीच गाडी विद्यार्थी, दूधवाले, कचेरीस जाणारे व दवाखान्यास निघालेले आजारी ह्यांना घेऊन परतावयाची. गावाचे घड्याळ त्या गाडीवर चाले.

ह्या योजनेतील हिशेब समजून घेण्यासारखा आहे. समजा, टोकाचे गाव भोरहून तीस किलोमीटरांवर आहे. सायंकाळची गाडी भरून जाते. ती रात्रीच परत आणली तर तीस किलोमीटर रिकामी येणार. आणि सकाळी मुलांना आणावयाचे म्हणून पहाटे तीस किलोमीटर पुन्हा रिकामी जाणार. म्हणजे साठ किलोमीटरांचे तेल केवळ रिकाम्या बाकांसाठी जळते. तीच गाडी गावात वस्तीस राहिली तर ह्या दोन्ही रिकाम्या खेपा वाचतात. जाते तेव्हा भरलेली, येते तेव्हा भरलेली. मुक्काम हा गावावर केलेला उपकार नव्हे. तो उत्तम गृहिणीला शोभेल असा काटकसरीचा व्यवहार आहे.

मग ह्या गाड्या कमी का झाल्या? 2020 च्या मार्चपासून महामारीमुळे वाहतूक बंद राहिली. ती सावरते न सावरते तोच 2021 च्या ऑक्टोबरअखेर कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला व तो 2022 च्या एप्रिलपर्यंत चालला. त्यात कर्मचाऱ्यांच्या हालअपेष्टा खऱ्या होत्या, हे आम्ही मुद्दाम नमूद करितो. ह्या काळात जुन्या गाड्या मोडीत निघाल्या, त्या मानाने नव्या आल्या नाहीत. आणि गाड्या अपुऱ्या पडल्या म्हणजे पहिली कात्री लागते ती आडमार्गाच्या फेरीस. पुण्याच्या पीएमपीने आपल्या गाड्या मध्यंतरी बऱ्याच दूरवर नेल्या होत्या. परंतु 2022 च्या नोव्हेंबरात तिनेही ग्रामीण भागातील काही मार्ग बंद केले, त्यांत कात्रज ते विंझर हा एक होता. दोन संस्थांच्या हद्दीचा प्रश्न कागदावर सुटला असेल. थांब्यावर उभ्या असलेल्या माणसाचा सुटला नाही.

फेरी बंद करण्याचे कारण बहुधा एकच सांगण्यात येते, आणि ते म्हणजे भारमान कमी. हे कारण खोटे नाही, पण ते अपुरे आहे. गाडी आज आली, उद्या आली नाही, परवा तासभर उशिरा आली, असे चार आठवडे झाले म्हणजे प्रवासी जीप शोधतो, मुलगा शेजाऱ्याच्या दुचाकीवर मागे बसतो, आणि मुलीस घरी ठेवण्यात येते. मग पाचव्या आठवड्यात गाडी रिकामी धावते आणि वहीत नोंद होते की ह्या मार्गावर प्रवासी नाहीत. औषध वेळेवर न देता रोगी दगावला, म्हणून त्यास औषधाची गरजच नव्हती असे म्हणण्यापैकीच हे आहे.

सरकारने सवलती पुष्कळ दिल्या आहेत. 75 वर्षांवरील वृद्धांस 2022 च्या ऑगस्टपासून विनामूल्य प्रवास आहे. 17 मार्च 2023 पासून सर्व स्त्रियांस अर्धे तिकीट आहे. ग्रामीण भागातील शाळकरी मुलींस अहिल्याबाई होळकरांच्या नावाच्या योजनेतून फुकट पास मिळतो. ह्या सवलती स्तुत्य आहेत ह्यात शंका नाही. परंतु ज्या गावी गाडीच येत नाही तेथे अर्ध्या तिकिटाचा अर्थ काय? पास दप्तरात आहे आणि मुलगी चुलीपाशी आहे, ही स्थिती पाहून त्या थोर अहिल्याबाईंस काय वाटले असते?

कायद्याची भाषाही येथे पाहण्याजोगी आहे. 1950 च्या मार्ग परिवहन महामंडळांच्या कायद्यातील 18 वे कलम सांगते की कार्यक्षम, पुरेशी, काटकसरीची व परस्परांशी नीट जुळलेली वाहतूक पुरविणे हे महामंडळाचे कर्तव्य होय. त्याच कायद्याचे 22 वे कलम सांगते की कारभार व्यापारी तत्त्वावर चालवावा. दोन्ही कलमे एकाच कायद्यातील आहेत. दुर्दैवाने अधिकारी तोट्याकडे बोट दाखवून 22 वे कलम पुढे करितात, आणि लोक 18 वे कलम आहे हेच जाणत नाहीत. एकत्र कुटुंबातही सर्व भाऊ सारखे मिळविते नसतात. म्हणून कमी मिळविणाऱ्याच्या मुलांचे ताट कोणी काढून घेत नाही. मोठ्या मार्गाच्या मिळकतीत आडमार्गाचा वाटा आहेच. कारण आडमार्गाने आणलेला प्रवासीच पुढे मोठ्या मार्गाच्या गाडीत बसतो.

आता चळवळीविषयी. निवेदन द्यावे, वेळ पडल्यास रस्त्यातही बसावे. परंतु रस्ता अडविल्याने मिळालेली गाडी पुष्कळदा पंधरा दिवस येते व सोळाव्या दिवशी नाहीशी होते. आमच्या मते ह्या कामास अधिक टिकाऊ असा एक जुना धडा उपलब्ध आहे. 1876-77 च्या दुष्काळात पुण्याच्या सार्वजनिक सभेने, न्यायमूर्ती रानडे व गणेश वासुदेव जोशी ह्यांच्या काळी, गावोगाव माणसे पाठवून माहिती गोळा केली आणि ती सरकारपुढे मांडली. आवाज चढविण्यापेक्षा आकडा पुढे ठेवणे त्यांस अधिक परिणामकारक वाटले. तोच मार्ग येथे घ्यावा. प्रत्येक थांब्यावर एक वही असावी. गाडीची ठरलेली वेळ, आली ती वेळ, चढलेली माणसे, परत फिरलेली माणसे, इतके चार रकाने शाळेतील मुलेसुद्धा भरतील. तीन महिन्यांची अशी वही आणि 2005 च्या माहितीच्या अधिकाराखाली आगारातून मिळविलेली रद्द फेऱ्यांची यादी, ही दोन्ही शेजारी ठेवली म्हणजे भारमान का घटले ते आपोआप दिसेल.

आणि मागावयाचे ते काय? केवळ ‘फेऱ्या वाढवा’ असे म्हणू नये. ‘मुक्काम द्या’ असे म्हणावे. पण ते मागताना गावानेही आपला वाटा उचलला पाहिजे. आजचा चालक देवळाच्या ओट्यावर का निजेल? वाहकांत आता स्त्रियाही आहेत. त्यांनी कोठे राहावे? ग्रामसभेने ठराव करून एक स्वच्छ, दाराला कडी असलेली खोली, दिवा, पाणी व शौचकूप ह्यांची सोय करावी, आणि त्या ठरावाची प्रत निवेदनास जोडावी. जो गाव पाहुण्याची खोली आधी झाडून ठेवतो, त्याच्या आमंत्रणास नाही म्हणणे कोणासही जड जाते.

शेवटी आमच्या वाचकांसंबंधी दोन शब्द. तुम्हांपैकी पुष्कळांचे मूळ घर असल्याच एखाद्या गावी आहे. आजोबा एस. टी.ने पुण्यास शिकावयास आले, नातवंडे मोटारीने कुलदैवतास जातात. मधल्या काळात जी गाडी आपल्या कुटुंबास वर घेऊन आली, तिच्याकडे आपले लक्ष राहिले नाही. जो वर्ग अर्ज लिहू जाणतो, कायदा वाचू शकतो, कचेरीत ज्याचे म्हणणे ऐकून घेण्यात येते, तो थांब्यावरून उठून गेला आणि मागे राहिलेल्यांचा आवाज क्षीण झाला, हे आपण प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. घरातील निवृत्त वडीलधाऱ्यांनी त्या वह्यांचे हिशेब जुळवून द्यावेत, अर्जाचा मसुदा करून द्यावा. तरुणांनी माहितीच्या अर्जाचा पाठपुरावा करावा. आणि सर्वांनी, पुढच्या खेपेस गावी जाताना, एकदा तरी एस. टी.ने जावे.

‘वाट पाहीन, पण एस. टी.नेच जाईन’ असे लोक म्हणत आले आहेत. त्या म्हणण्यातील निष्ठा मोठी आहे. पण वाट पाहावयाची ती येणाऱ्या गाडीची. दिवेलागणीस खोऱ्याच्या टोकाला गाडीचे दिवे दिसावेत, आणि उद्या सकाळी शाळा आहे ह्याची खात्री बाळगून त्या गावची मुलगी अभ्यासास बसावी, एवढेच मागणे आहे. ते फार नव्हे.